नवी छोटी गाडी घेतली, आता ऑइल सिंथेटिक टाकायचं की साधं?

पहिली गाडी घरात आली की पेढे वाटून होतात, बॉनेटवर स्वस्तिक काढून होतं, चाकाखाली लिंबू ठेवून होतं, आणि मग पहिली पेड सर्व्हिस जवळ आली की फोन येतो, "सर, ऑइल सिंथेटिक टाकायचं का मिनरल?" आणि आपण गप्प. माझंही तेच झालं. आधी पंधरा वर्षं बाईक, त्यात गल्लीतला गॅरेजवाला जे ओतेल ते ओतेल, मी कधी डब्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. वॅगन आर घेतली आणि मग ऑफिसात तिघांना विचारलं तर चार उत्तरं मिळाली. म्हणून हे लिहितोय, ज्यांची गाडी नवी आहे, छोटी आहे, बजेटमधली आहे आणि ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी ग्लोव्हबॉक्समधलं पुस्तक काढा

ते प्लॅस्टिकच्या पाकिटात असतं, इन्शुरन्सच्या कागदांखाली, आणि बहुतेकांच्या गाडीत ते पाकीट फोडलेलंच नसतं. त्यात इंजिन ऑइलचं पान शोधा. तिथं तीन गोष्टी असतात: ग्रेड, दर्जा आणि किती लिटर लागतं ते. तिन्ही मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, दुकानात उभं राहून आठवत नाही.

ग्रेड म्हणजे ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असं काहीतरी. मारुतीच्या हल्लीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगतात, दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं असेल, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका, एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचंही वेगळं असू शकतं.

आता यातली गंमत सांगतो. तुमच्या पुस्तकात ०डब्ल्यू लिहिलेलं असेल तर सिंथेटिक की मिनरल हा प्रश्नच उरत नाही. ०डब्ल्यू ग्रेडचं ऑइल साध्या मिनरल बेसमधून (बेस म्हणजे ऑइलमधलं मूळ तेल) जमतच नाही, बाजारात त्या ग्रेडचा जो डबा मिळतो तो बहुतेक वेळा सिंथेटिकच असतो. म्हणजे "मिनरल टाकू का" असं कोणी विचारलं की त्याचा खरा अर्थ "पुस्तकातला ग्रेड सोडून दुसरा टाकू का" असा होतो. फोनवरच्या पोराला हे विचारून बघा, "मिनरल म्हणजे कुठला ग्रेड टाकणार?" माझ्या वेळी तिकडं जरा वेळ शांतता होती.

ते आकडे काय म्हणतात

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड असताना ऑइल किती पातळ राहतं त्याचा, जितका कमी तितकं चांगलं वाहणारं. नंतरचा आकडा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, म्हणजे १०० अंशाला, ऑइल किती जाड असतं त्याचा. हिवाळ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजलेली असते आणि शेजारची गोडेतेलाची बाटली तशीच वाहती असते ना, तसंच आहे हे. मिनरल ऑइलमध्ये थोडं मेण राहिलेलं असतं आणि ते थंडीत गोठायला बघतं.

लगेच कोणीतरी म्हणेल की आपल्याकडं कुठं बर्फ पडतो. बरोबर आहे, ०डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशाला घेतात आणि निफाडला कितीही थंडी पडली तरी तिथपर्यंत जात नाही. पण इंजिनाच्या हिशोबात आपली २५ अंशाची सकाळसुद्धा थंडच, कारण त्याला ९०-१०० अंशाला काम करायची सवय. सेल मारल्यावर ऑइल खालच्या चेंबरमधून वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला जो वेळ लागतो त्यात धातूवर धातू घासतो, झीज त्या वेळात जास्त होते. ४० अंशाला २०डब्ल्यू-४० हे ०डब्ल्यू-१६ च्या तीनपट किंवा जास्तच जाड असतं, म्हणजे ते वर चढायला तेवढं आळशी.

दर्जासाठी डब्यावर मागच्या बाजूला एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) लिहिलेलं असतं आणि पुढं दोन अक्षरं. एस म्हणजे पेट्रोल इंजिन, आणि त्यापुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नव्या पद्धतीचं. एसएन २०१० सालचं, एसपी मे २०२० पासूनचं. पुस्तकात एसएन असेल तर एसपी बिनधास्त चालतं, उलटं चालत नाही. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची वेगळी चाचणी आहे आणि टर्बो इंजिनात (ज्यात धुराच्या जोरावर फिरणारा पंखा जास्त हवा आत ढकलतो) कमी स्पीडला आतल्या आत जो ठोका बसतो तो टाळायची पण आहे. तुमची छोटी गाडी टर्बो असेल तर सिंथेटिक आणि एसपी, तिथं घासाघीस नको, टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑइल अक्षरशः भाजून निघतं.

सिंथेटिक म्हणजे लॅबमध्ये बनवलेलं, असं काही नाही

म्हणजे पूर्वी तसं होतं. बेस ऑइलचे पाच ग्रुप असतात. ग्रुप एक म्हणजे कच्च्या तेलातून काढून धुऊन घेतलेलं, साधं. दोन आणि तीनला हायड्रोजनच्या दाबाखाली रेणू मोडून परत जुळवतात, तीनमध्ये हे फार जोरात करतात. चार म्हणजे वायूपासून नव्यानं बांधलेलं, आणि बाकी सगळं पाचमध्ये. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की चार किंवा पाचच. मग अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्यांचं भांडण झालं की तीनला सिंथेटिक म्हणायचं का, आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरातीबद्दलच्या तक्रारी बघणाऱ्या मंडळानं म्हणा म्हणून सांगितलं. तेव्हापासून डब्यावर फुल्ली सिंथेटिक लिहिलेलं बरंचसं ऑइल हे कच्च्या तेलातूनच आलेलं ग्रुप तीन असतं. फसवणूक वगैरे नाही, ऑइल चांगलंच असतं, फक्त "लॅबमध्ये तयार केलेलं शंभर टक्के कृत्रिम" असं सांगून कोणी दुप्पट पैसे मागितले तर हसू आवरा.

सेमी-सिंथेटिक हा प्रकार त्याहून ढिला. त्यात सिंथेटिक किती टक्के हवं याचा काही पक्का नियम नाही. म्हणून शब्दावर जाऊ नका, ग्रेड आणि एपीआयची अक्षरं बघा, ती खोटी निघायला जरा अवघड असतात.

फायदा काय मग? दोनच लक्षात ठेवा, बाकी जाहिरात. एक, थंड असताना लवकर वाहतं. दोन, तापल्यावर लवकर जळून चिकट होत नाही. "गाडी पळायला लागली", "आवाज एकदम गेला", हे बहुतेक नव्या ऑइलचं कौतुक असतं, मिनरल नवं टाकलं तरी चार दिवस असंच वाटतं.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आणि जाड ऑइल

आमच्या इथला मेकॅनिक हाताचा खरंच चांगला आहे, कार्ब्युरेटरच्या गाड्या त्यानं कानानं ट्यून केल्यात. मी त्याला माझी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, दाखवली तर त्यानं ऑइलचा थेंब अंगठा आणि बोटात घासला, बोटं उघडमीट केली आणि म्हणाला, "भाऊ, हे काय पाणी टाकलंय, यात दमच नाही. वीस-चाळीस टाका, मे महिना आहे." त्याचं चूक नाही, ज्या इंजिनांवर तो शिकला त्यांना वीस-चाळीसच लागायचं. पण बोटात घासून ३५ अंशाला जे कळतं त्याचा इंजिनातल्या १०० अंशाशी फारसा संबंध नाही, आणि मे महिन्याचा तर अजिबातच नाही. बाहेर चंद्रपूरचे ४६ असोत की महाबळेश्वरचे १२, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिन साधारण त्याच तापमानाला धरून ठेवतात. ऋतू बदलला म्हणून ऑइल बदलायचे दिवस गेले.

नव्या इंजिनात बेअरिंगमधल्या फटी, ऑइल पंप, ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्हची यंत्रणा, हे सगळं पातळ ऑइल धरूनच आखलेलं असतं. त्यात वीस-चाळीस टाकलं तर इंजिन दुसऱ्या दिवशी बंद पडणार नाही, पण सकाळी जड चालेल, ॲव्हरेज थोडं खाईल, आणि वॉरंटीत काही झालं तर कंपनीच्या हातात आयतं कारण जाईल.

तुमची गाडी खरंच किती आणि कशी चालते?

किलोमीटरवरून सगळे हिशोब करतात, पण पुस्तकात नेहमी "१०,००० किमी किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" असं काहीतरी असतं आणि त्यातलं "किंवा" सगळे विसरतात. त्याच्याच आसपास खडतर वापराचं एक वेगळं कोष्टक असतं. तिथं वाचाल तर दिसेल, छोट्या छोट्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिकमध्ये उभं राहून इंजिन चालू ठेवणं, हे सगळं खडतर. म्हणजे आपल्याला वाटतं डोंगरदऱ्यात गाडी मारणं खडतर, आणि प्रत्यक्षात पोरांना शाळेत सोडून भाजी घेऊन परत येणं खडतर!

हे मला पावसाळ्यात दिसलं. जुलै-ऑगस्टात गाडी रोज जेमतेम तीन किलोमीटर जात होती. एके दिवशी सहज ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर पांढरं लोणी चिकटलेलं, ताक घुसळल्यावर रवीला लागतं ना तसं. घाबरून गॅस्केट उडून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये गेलं असं समजलो, कूलंट बघितलं तर जागच्या जागी. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये येते, इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते, तीन किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही येतं आणि ऑइल पातळ करतं. कूलंट कमी होत असेल तर मात्र लगेच दाखवा, ते प्रकरण वेगळं. माझ्या बाबतीत रविवारी सिन्नरपर्यंत जाऊन आलो, पुढच्या आठवड्यात झाकण बरंच साफ.

तर सांगायचं असं की महागातलं सिंथेटिकसुद्धा हे पाणी आणि पेट्रोल गायब करत नाही. वर्षाला चारच हजार चालते म्हणून अडीच वर्षं तेच ऑइल ठेवायचं हा हिशोब करू नका. आणि "सिंथेटिक टाकलंय, आता वीस हजार बघायचं नाही" हाही करू नका, पुस्तकात दहा असेल तर दहाच. माझ्या मते या सगळ्या वादात हीच एक गोष्ट खरी महत्त्वाची आहे, योग्य ग्रेडचं साधं ऑइल वेळेवर बदललेलं हे उशिरा बदललेल्या भारी ऑइलपेक्षा कधीही बरं.

सीएनजीवाल्यांसाठी एक वाक्य जास्तीचं. सीएनजीवर ऑइल फार दिवस सोनेरी दिसतं, कारण काजळी कमी, म्हणून लोक समजतात अजून चांगलंय. आत तापमानामुळं ते खराब होतच असतं. रंगावर जाऊ नका. उलट पेट्रोलवर ऑइल काळं पडलं म्हणजे वाईट असंही नाही, घाण स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

पैसे

माझ्या गाडीसारख्या छोट्या इंजिनाला साधारण तीन लिटर ऑइल. मिनरल लिटरला साडेतीनशेच्या आसपास धरा, सिंथेटिक सातशे धरा, ब्रँडप्रमाणे कमी-जास्त होईल. एका वेळचा फरक हजार-अकराशे रुपये, वर्षातून एकदा. आता दुसरी बाजू, वर्षाला १०,००० किमी आणि ॲव्हरेज १८ धरलं तर साडेपाचशे लिटर पेट्रोल, लिटरला १०४ धरले तर सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार रुपये. त्यात पातळ ऑइलमुळं एक टक्का जरी वाचला तरी पावणेसहाशे तिथंच परत आले. राहिले चारपाचशे, तेवढ्यासाठी सहा-सात लाखांच्या गाडीच्या वॉरंटीशी खेळायचं का ते तुम्ही ठरवा, मी खेळत नाही.

पुस्तकात ५डब्ल्यू-३० असेल तर मात्र थोडी मोकळीक आहे. त्या ग्रेडमध्ये सेमी-सिंथेटिकही मिळतं आणि टर्बो नसलेल्या, वेळेवर सर्व्हिस होणाऱ्या गाडीला ते पुरतं, उगाच सगळ्यात महाग डबा घ्यायची गरज नाही. साधं मिनरल मी फक्त जुन्या गाडीला टाकेन, जिच्या पुस्तकातच १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० छापलंय, आणि तेही वर्षाच्या आत बदलून.

विकत घेताना

बाहेरून स्वतः ऑइल घेणार असाल तर पेट्रोलपंपावर किंवा त्या ब्रँडच्या अधिकृत डीलरकडं घ्या. सर्वो, एचपी, मॅक हे सरकारी कंपन्यांचे ब्रँड पंपावर सहज मिळतात आणि चांगले आहेत, त्यांना "स्वस्तातलं" म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. झाकणाची सील, तिच्याखालचं फॉईल, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख बघा. ड्रममधलं सुट्टं ऑइल नको. आणि रिकामा डबा तिथं तसाच टाकून येऊ नका, खिळ्यानं भोक पाडा, कारण चांगल्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यात काय भरून परत विकतात ते विचारू नका.

मित्राला विचारून डबा घेणार असाल तर त्याची बाईक आहे की कार ते आधी विचारा. बाईकचं ऑइल वेगळं असतं. बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यासाठी जासो एमए (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं लागतं. कारचं उरलेलं अर्धा लिटर वाया कशाला घालवायचं म्हणून बाईकमध्ये ओतलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटरला क्लच वेगळा असतो, तिचं ऑइलही वेगळं, सांगतो एवढ्यासाठी की घरात तिन्ही वाहनं असली की असले प्रयोग होतात.

सर्व्हिसच्या दिवशी

पहिल्यांदा जॉबकार्डवर ग्रेड लिहून घ्या, नुसतं "इंजिन ऑइल" नाही. इंजिन फ्लश, ॲडिटिव्ह, कोटिंग असलं काही सुचवलं तर पुस्तकात आहे का विचारा, नव्या गाडीला बहुतेक वेळा नको असतं. ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा (ज्यातून जुनं ऑइल काढतात) वॉशर नवा टाकला का ते विचारा, वॉशर चाळीस-पन्नास रुपयांचा पण जुनाच परत लावला तर थेंब थेंब गळत राहतं.

मग घरी यायच्या आधी डिपस्टिक स्वतः बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल, काडी काढा, पुसा, परत पूर्ण घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असलं पाहिजे. हे मी कशामुळं शिकलो ते सांगतो. एका सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणली आणि संध्याकाळी सहज काडी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. परत गेलो, विचारलं, तर निघालं असं की बाजारात पॅक साडेतीन लिटरचा, इंजिनाला लागतं तीन, आणि पोरानं डबा उघडलाय तर पूर्ण ओतून टाकला, बिलपण साडेतीनचंच. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं नाही, इंजिनात खाली फिरणारा क्रँकशाफ्ट त्यात बुडून त्याला फेस आणतो आणि फेसानं वंगण होत नाही. त्यांनी काही न बोलता जास्तीचं काढून दिलं, बिलही कमी केलं, पण मी काडी बघितली नसती तर तसंच राहिलं असतं.

त्यानंतर महिन्यातून एकदा बघत जा. लांबच्या प्रवासात ऑइल कमी वाटलं आणि तुमचा ब्रँड मिळाला नाही तर काळजी नको, सिंथेटिकमध्ये दुसऱ्या कंपनीचं किंवा अगदी मिनरलही थोडं टॉपअप केलं तर फाटत वगैरे नाही, इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतील अशीच बनवलेली असतात. "एकदा सिंथेटिक टाकलं की परत येता येत नाही" हीही अफवाच. पण चालत्या गाडीत लाल रंगाचा तेलाच्या झारीचा दिवा लागला तर कसारा घाटात असा नाहीतर कुठंही, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तो दिवा ऑइल कमी असल्याचा नसतो, प्रेशर गेल्याचा असतो, आणि "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" एवढ्यात इंजिन जातं.

घरी स्वतः बदलणाऱ्यांनी जुनं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नये, कायद्यानं तो घातक कचरा आहे. गावाकडं वाळवीसाठी लाकडाला लावतात, बांधकामावर शटरिंगला फासतात, तेही नको. डब्यात भरून अशा गॅरेजला द्या जे नोंदणी असलेल्या रिसायकलरला देतं, आधी विचारून घ्या.

आणि ऑइल बदललं त्या रात्री पार्किंगमध्ये इंजिनाखाली जुना पेपर पसरून ठेवा. सकाळी त्यावर तपकिरी डाग असेल तर ड्रेन बोल्ट नाहीतर फिल्टर ढिला राहिलाय, गाडी सुरू करण्याआधी फोन लावा. पाण्याचा डाग असेल तर तो एसीचा आहे, चहा प्या.